वस्तीकडे वळलेलं पाणी

सर, तुम्ही गेल्याचं दुःख करायला मला अजून सवड मिळालेली नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. दुःखाचं बरं असतं, माणूस रडतो, कुणीतरी पाठीवर हात ठेवतं, चहा देतं. भीतीला चहा कोण देणार? ती घेऊन मी थेरगाव ते वाकड आणि वाकड ते चाकण अशी हिंडते आहे, आणि ती ज्याला सांगावी असा माणूस एकच होता. तो तुम्हीच निघालात.

तुमच्याबद्दल लोक खूप लिहितायत. व्हॉट्सॲपवर तुमचा तो टोपीतला फोटो फिरतोय, खाली ‘भूजलमहर्षी’ असं लिहिलेलं. तुम्ही वाचलं असतंत तर म्हणाला असतात, “महर्षी कसला, दाढी करायचा कंटाळा केला त्या दिवशीचा फोटो आहे.” मी तसलं काही लिहिणार नाही. जन्म, शिक्षण, सेवानिवृत्ती हे सगळं इतरांनी लिहिलंय. मला तुमच्याशी एक अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करायचंय, आणि त्यात तुम्ही उत्तर देऊ शकत नाही हीच माझी अडचण आहे.

आपली पहिली भेट आठवते? आपल्या वाकडच्या ऑफिसात मी नवीनच लागले होते. पाणी जमिनीखालून कसं वाहतं, त्यात विष मिसळलं तर ते कुठं जाईल, हे कॉम्प्युटरवर मांडून दाखवायचं माझं काम. आणि तुम्ही, निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून पहिल्यांदाच आलेले, रिक्षातून एक काचेची टाकी उतरवत होतात, शोभेचे मासे ठेवतात तसली. वॉचमन तुम्हाला आत सोडेना. त्याला वाटलं तुम्ही रिसेप्शनला मासे ठेवायला आलात. तुम्ही त्याला म्हणालात, “मासे न्हाईत दादा, ह्यात चाकण हाय.”

त्यात खरंच चाकण होतं. वाळू, वाळूत एक मातीचा थर, एका बाजूला पाणी थोडं उंच, दुसऱ्या बाजूला थोडं खाली. उंच बाजूला तुम्ही जांभळ्या औषधाचे थेंब टाकलेत, तेच, विहिरीत टाकतात ते. काचेतून दिसत होतं, जांभळा डाग हळूहळू उताराकडे सरकत होता. मग तुम्ही मधोमध सलाइनची नळी खुपसलीत आणि मला म्हणालात, “ओढ.” मी सिरिंजने पाणी ओढलं. डागाने आपला रस्ता सोडला आणि नळीकडे वळला. “बघ,” तुम्ही म्हणालात, “उपसा जिकडं, पाणी तिकडं. एवढं कळलं की निम्मं भूजलशास्त्र झालं. उरलेलं निम्मं तुझ्या टीव्हीत असंल.” माझ्या कॉम्प्युटरला तुम्ही शेवटपर्यंत टीव्हीच म्हणालात. सकाळी आलात की विचारायचात, “काय लागलंय आज?”

मीही कमी नव्हते. मी म्हणायचे, सर, आपल्या पायाखाली वाळू नाही. काळा दगड आहे, त्याला भेगा आहेत, आणि पाणी त्या भेगांतून पळतं. तुमची टाकी पाहून गावाला वाटतं पाणी कासवासारखं चालतं. तुम्ही म्हणायचात, “मग दगड भरू का काचेत? गावाला काय दिसंल? काळं ठिक्कर.” आणि मग लगेच, कारण तुम्ही अप्रामाणिक नव्हतात, “तुझं म्हणणं खरं हाय पोरी. भेगेतलं पाणी कुणाच्या बापाला सापडत न्हाई.”

कॉम्प्युटरचं मॉडेल म्हणजे काय हे तुमच्या घरी काकूंना, म्हणजे तुमच्या बायकोला, समजावताना तुम्ही एकदा दोरीवर वाळत घातलेली चादर दाखवली होतीत. विहिरी म्हणजे चादर अडकवलेल्या खुंट्या. खुंटीपाशी चादर किती उंचीवर आहे हे आपण टेपने मोजतो, तेवढंच आपल्याला माहीत. मधली सगळी चादर अंदाजाची. एक खुंटी खाली ओढली की सगळी चादर तिकडे झुकते, आणि पाणी झुकत्या बाजूला जातं. काकू म्हणाल्या, “म्हंजे खुंटीच चुकीची ठोकली तर?” तुम्ही म्हणालात, “मी ठोकलेली खुंटी चुकत न्हाई.” आणि तिघंही हसलो.

हे मी आता हसत नाही लिहीत.

चाकणजवळच्या तुमच्या वस्तीचं काम आलं तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही ते दुसऱ्या कुणाला द्याल. स्वतःच्या घराचं पाणी स्वतः तपासू नये, डॉक्टरसुद्धा घरच्यांचं ऑपरेशन करत नाही. पण तुम्ही हट्टाला पेटलात. वरच्या माळावर कुणीतरी बाहेरच्याने प्लेटिंगचा शेड टाकला होता, कंपन्यांच्या पार्टला चकाकी चढवायचा. तो शेड एका रात्रीत बंद झाला, मालक पसार, आणि मागे राहिला एक खड्डा, पिवळ्या पाण्याने भरलेला. क्रोमियमचं पाणी. वस्तीने घाबरून आपलं बोअर बंद केलं. टँकर सुरू झाला, टँकरवर भांडणं सुरू झाली, बायकांचे हंडे फुटले. तेव्हा तुम्ही म्हणालात, आपण मोजू.

आणि आपण मोजलं. उन्हाळ्यात मोजलं, पावसाळ्यानंतर मोजलं. आदल्या दिवशी तुम्ही प्रत्येकाला फोन करून सांगायचात की उद्या आम्ही येईपर्यंत मोटर लावू नका, विहीर शांत पाहिजे. टेपच्या टोकाला खडू फासून तुम्ही तो विहिरीत सोडायचात, वर ओढून ओला भाग बघायचात आणि आकडा सांगायचात. मी ते आकडे माझ्या टीव्हीत घातले. उत्तर दर वेळी एकच आलं. खड्ड्यातलं विष ओढ्याकडे चाललंय. वस्ती दुसऱ्या अंगाला आहे. सगळ्या फेऱ्यांचे आकडे एकमेकांशी इतके छान जुळत होते की मी तुम्हाला म्हटलं, सर, असा डेटा पुस्तकातसुद्धा मिळत नाही.

ग्रामसभेत तुम्ही उभे राहिलात. मी अहवालात लिहिलं होतं, ‘उपलब्ध माहितीनुसार वस्तीच्या बोअरला धोका कमी दिसतो.’ तुम्ही कागद घडी करून खिशात ठेवलात आणि म्हणालात, “धोका न्हाई. बिनघोर प्या.” टाळ्या पडल्या. त्याच दिवशी बोअर पुन्हा सुरू झालं.

परत येताना चाकणच्या चौकात ट्रकांच्या मध्ये अडकलो होतो तेव्हा मी तुमच्यावर घसरले. ‘बहुतेक’ म्हणायचं होतं, ‘सध्या तरी’ म्हणायचं होतं. तुम्ही म्हणालात, “बाई हंडा घेऊन उभी असती, पोरी. तिला काय ‘बहुतेक’ भरून देऊ?” मी म्हटलं, खोटं भरून देण्यापेक्षा ते बरं.  तुम्ही काचेबाहेर बघत निगडीच्या मिसळीबद्दल बोलायला लागलात. त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही. दोघांनाही वाटत होतं, कधीतरी बोलू.

अशीच दीड-दोन वर्षं गेली, मग तुम्ही गेलात. एका सकाळी चहा मागितलात, आणि चहा येईपर्यंत नव्हतात.

आमच्या घरात दशक्रिया वगैरे नाही, तुम्हाला माहीतच आहे. पिंपरीच्या कामगार वस्तीत वाढलेली मी, आमच्यात बुद्धवंदना होते, चार शब्द बोलतात, झालं. त्यामुळे तुमच्या दशक्रियेला नदीच्या घाटावर मी एका कडेला उभी होते, चप्पल काढायची की नाही हेही ठाऊक नसलेली. प्रवचन झालं. मग माइकवर श्रद्धांजली सुरू झाली. एक पुढारी बोलला, त्याने तुमचं आडनाव चुकवलं. एक निवृत्त हेडमास्तर बोलले. आणि मग तात्या उठले.

तात्या म्हणजे तुमचे शाळेपासूनचे दोस्त. माळावरच्या त्या खड्ड्याच्या आणि ओढ्याच्या मध्ये त्यांचं शेत, शेतात विहीर. चादरीची सगळ्यात मोक्याची खुंटी. तात्यांना माइकची सवय नव्हती, ते दोन्ही हातांनी तो धरून उभे राहिले आणि काही वेळ नुसतेच रडले. मग बोलायला लागले.

“सर माझ्या हिरीवर यायचं तवा मला सणच वाटायचा. सरांचा आदल्या दिवशी फोन. तात्या, मोटर लावू नको बरं का. पन मी म्हणायचो, पाण्याचा एवढा मोठा माणूस येनार, आन आपल्या हिरीवर शेवाळ, पाला? म्हनून मी पहाटंच उठून मोटर लावायचो. चांगली घटकाभर गाळ काढायचो, वरचं पानी निवळ करायचो. सरांची गाडी फाट्यावर दिसली की मोटर बंद! सर यायचं, विचारायचं, तात्या, मोटर बंद हाय ना? मी म्हणायचो, बंदच हाय की सर!”

सगळा घाट हसला, सर. बायका पदराने डोळे पुसत हसल्या. तुमचा मुलगाही हसला. काय प्रेम, काय मान, असं माझ्या शेजारची बाई म्हणाली. आणि माझी पाचावर धारण बसली.

मला तिथल्या तिथे सगळं दिसलं. विहीर उपसलेली, पाणी खाली गेलेलं, आणि त्या खाली गेलेल्या पाण्यावर तुमचा टेप. दर फेरीला. म्हणून तर आकडे जुळत होते. चूकच जर दर वेळी तीच असेल तर ती खऱ्यासारखी दिसते. तात्यांची खुंटी आपण खाली ओढून ठोकली होती, म्हणून माझी सगळी चादर ओढ्याकडे झुकली होती. पण ती खुंटी मुळात उंच असेल तर? तर खड्ड्यातलं पाणी कुठे जात असेल?

पिंड मांडले होते. कावळे करंजाच्या झाडावर बसून होते, पण एकही खाली उतरेना. लोक कुजबुजायला लागले, सरांचा जीव कशात तरी अडकलाय. मुलाने आईला सांभाळीन म्हटलं. कावळा नाही. कुणी शाळेला पुस्तकं देऊ म्हटलं. कावळा नाही. मग तुमच्या वस्तीवरचा एक माणूस पुढे आला आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, “सर, काळजी करू नका. तुमचा शब्द आमी मोडनार न्हाई. त्याच बोअरचं पानी पिऊ!”

आणि कावळा शिवला.

“बघ,” शेजारची बाई माझा दंड धरून म्हणाली, “पान्यातच जीव अडकला व्हता बाई सरांचा.” मी या गोष्टी मानत नाही. कावळ्याला भाताशी मतलब, आणि गर्दी जरा मागे सरली म्हणून तो उतरला. पण सर, अंगावर काटा आला तो आलाच. आपल्या अहवालावर आता कावळ्याची सही झाली होती. तिच्याविरुद्ध मी काय बोलणार, आणि कोणत्या तोंडाने?

त्याच दुपारी ऑफिसात जाऊन मी मॉडेल उघडलं. तुमची खुर्ची समोरच होती, तिच्यावर कुणीतरी पार्सलचे खोके ठेवले होते. मी एकच आकडा बदलला, तात्यांच्या विहिरीचा. खरा किती असावा हे माहीत नव्हतं म्हणून थोडा थोडा वर नेत गेले. आधी काही झालं नाही. मला हायसं वाटलं, इतकं की मी उठून पाणी प्यायले. मग आणखी वर नेला, आणि स्क्रीनवरचे बाण डगमगले. आणखी वर नेला, आणि ते वळले. एकेक करून नाही, पाखरं घोळक्याने वळतात तसे. जांभळ्या डागाची जीभ ओढ्याकडून निघाली आणि वस्तीकडे गेली, जिथे रोज बोअर उपसा करतं आहे. उपसा जिकडं, पाणी तिकडं. मी पुन्हा चालवून बघितलं. जसं काही दुसऱ्यांदा त्याला माझी दया येणार होती.

किती दिवसांत पोचेल, हे त्यात वर्षांमध्ये दिसत होतं. पण ते वाळूचं उत्तर, सर. दगडाचं नाही. भेगेतलं पाणी कुणाच्या बापाला सापडत नाही, हे तुमचंच वाक्य. ते वर्षांनी पोचेल, किंवा पोचलंही असेल. गेल्या तपासणीत बोअरचं पाणी स्वच्छ होतं, पण त्यालाही आता बराच काळ लोटला.

मी साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नाही, घाबरट आहे, माझ्यासारखाच. म्हणाले, “नमुना लॅबला पाठव. रिपोर्ट येईपर्यंत तोंडातून शब्द काढू नको, उगाच घबराट व्हायची. आणि माणसाला जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत, त्याचं नाव खराब करायची एवढी घाई कशाला?” शेवटचं वाक्य मला लागलं. कारण तीच भीती मला होती. वस्तीला पाणी पिऊ नका म्हणायचं म्हणजे सर चुकले म्हणायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बोअरचा नमुना मी स्वतः भरून नेऊन दिला. आणि तात्यांना फोन केला, की मी येईपर्यंत मोटर लावू नका, गाळसुद्धा काढू नका, मला तुमची विहीर शेवाळासकट बघायची आहे. तात्या म्हणाले, “आता काय गाळ काढायचा, दाखवायचा कुनाला?”

मी गेले. तुमचाच टेप, तुमचाच खडू. टेप खाली सोडला, वर ओढून ओला भाग बघितला. पाणी तुमच्या आकड्यापेक्षा जवळजवळ पुरुषभर वर होतं. तात्या काठावर उभे राहून कौतुकाने बघत होते. “लई पानी हाय की औंदा!” असं म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांचा चेहरा बदलला.

“पोरी, म्या काय चुकीचं केलं का?”

मी म्हटलं, “नाही तात्या. कुठं काय.” हे एक खोटं. त्या म्हाताऱ्या माणसाला मी काय सांगायला हवं होतं? तुम्ही सरांना मान दिलात आणि त्याने पाणी वळलं, असं?

पण तुम्हाला मी विचारणार आहे. तुम्हीच मला शिकवलंत की टेप सोडायच्या आधी कातळ बघ. पाणी नुकतं खाली गेलं असेल तर वरच्या दगडावर ओल राहते, ओल म्हणजे विहिरीची जबानी. माझी नजर स्क्रीनची, तुमची नजर दगडाची. तुम्हाला तात्यांच्या विहिरीतली ती ओल दिसली नाही, सर? एकदाही नाही? का दिसली, आणि काठावर आनंदाने उभ्या असलेल्या दोस्ताला ‘तू मोटर लावली होतीस’ म्हणायला तुमची जीभ रेटली नाही? का वस्ती तुमचीच, टँकरची भांडणं तुमच्याच दारात, म्हणून तुम्हाला हवं ते उत्तर मिळाल्यावर तुम्ही कातळाकडे बघायचंच सोडून दिलंत? यातलं कुठलं खरं हे मला कधीच कळणार नाही. पहिलं असेल तर तुम्ही म्हातारे झाला होतात आणि मला ते दिसलं नाही. बाकीच्या दोन्हींची मला भीती वाटते. कारण मीसुद्धा तेच केलं असतं की काय, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तिथून मी तुमच्या घरी गेले.

काकू एकट्याच होत्या, म्हणजे नात होती. तुमच्या मुलाने दोघींना पिंपळे सौदागरच्या फ्लॅटवर चला म्हणून खूप सांगितलं, पण त्याची आणि सुनेची शिफ्ट, पोरगी दिवसभर कुणाकडे राहणार? आणि काकू म्हणाल्या, “त्यांची खुर्ची हितं हाय.” नात ओट्याखाली बसून भांडी वाजवत होती. काकूंनी मला बघितलं आणि न विचारता गॅसवर पातेलं ठेवलं, पिंपातून तांब्याने पाणी काढून त्यात ओतलं. ते पाणी कुठलं हे मला माहीत होतं. मी बसलेही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तात्यांची मोटर, टेप, खुंटी, चादर. काकूंना चादर आठवली.

 मी थांबल्यावर म्हणाल्या, “म्हंजे ते चुकले.”

“आकडा चुकला, काकू.”

“आकडा कुनाचा?”

 पाण्याला आधण आलं होतं. काकू पातेल्याकडे बघत राहिल्या आणि मग ज्याला मी सगळ्यात जास्त घाबरत होते ते त्यांनी विचारलं.

“ते गेले ते ह्यानं गेले का गं?”

“नाही,” मी म्हटलं. “नाही काकू, तसं म्हणायला काहीच आधार नाही. पाणी तिथं पोचलंय की नाही हेच माहीत नाही अजून. डॉक्टर हृदयाचं म्हणाले ना.” हे खोटं नव्हतं. पण खरं आहे असंही मला कुठे माहीत होतं? आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्यासारखं ठाम बोलले, आणि बोलताना कळलं की त्यासाठी किती जोर लागतो.

काकूंनी गॅस बंद केला. पातेलं मोरीत उलटं केलं. मग पिंप तिरकं करून तेही ओतायला लागल्या, ते जड होतं, मी हात लावला. नातीला पाण्याचा खेळ वाटला, ती त्यात पाय आपटायला लागली, तशी काकूंनी तिला एकदम उचलून कडेवर घेतलं. इतक्या जोरात की ती रडायला लागली. तिला तशीच घेऊन काकू बाहेर पडल्या. तुम्ही गेल्यापासून त्या उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या म्हणे.

बोअरचं पाणी सुटायची वेळ होती. नळावर बायकांची रांग, हंडे, पोरांच्या हातात कळशा. काकूंना बघून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी पदर डोळ्याला लावला.

“भरू नका,” काकू म्हणाल्या. “भरलेलं ओतून द्या.”

“का वो काकू? काय झालं?”

मी पुढे झाले. बोलणार होते. सगळी जुळवाजुळव केली होती, मापन, अनिश्चितता, पुढील तपासणी. काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“सरांनी सांगितलंय,” त्या म्हणाल्या.

 मग रांगेच्या टोकाची एक बाई, जरा धीट, म्हणाली, “सरांनी? काकू, सर कवा सांगत्याल आता?”

“माझ्याशी बोलायला त्यांना तुझी परवानगी लागती का गं?” काकू कडाडल्या. “चाळीस वर्सं बोलत व्हते, आता का मुके झाले? म्हनले, ते पानी पुन्हा मोजायला पाहिजे, तोवर कुनी पिऊ नका. ही पोरगी मोजती हाय. ओता!”

पहिली कळशी एका म्हातारीने ओतली. मग सगळ्यांनी. पाणी मातीतून वाट काढत गटाराकडे गेलं आणि बायका त्याच्याकडे, जणू दुधाचं पातेलं उतू गेलंय, तशा हळहळून बघत होत्या. कुणी वाद घातला नाही. कुणी ‘बहुतेक म्हणजे काय’ असं विचारलं नाही. बोअरच्या मोटरची पेटी बंद झाली. तात्यांचं नाव निघालं नाही. तुमचंही निघालं नाही, म्हणजे तुम्ही चुकलात असं निघालं नाही.

घरात आल्यावर काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. नातीला थोपटत म्हणाल्या, “त्यांच्या नावावर मी शेजारून कधी साखर आनली न्हाई. आज सगळ्या वस्तीला खोटं वाढलं.” आणि मग रडल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, असं त्यांची शेजारीण नंतर म्हणाली. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मलाही रडू आलं. तेवढाच काय तो तुमचा शोक मी केला असेल.

सर, तुमचे आभार मानायचे असतात अशा लेखात. मानते. मला दगड दाखवलात, माणसं दाखवलीत, माझ्याशी बरोबरीने भांडलात, आणि मुलगी आहे, नवीन आहे म्हणून एकदाही आवाज चढवला नाहीत. हे सगळं मी नंतर नीट लिहीन. आज जमत नाही.

वस्तीवर पुन्हा टँकर सुरू झालाय. पुन्हा भांडणं सुरू झाली आहेत. लॅबचा रिपोर्ट अजून आलेला नाही. साहेब माझ्याशी मोजकंच बोलतात. पाणी स्वच्छ निघालं तर गाव म्हणेल, सरांच्या बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि त्या पोरीने तिला नादी लावलं. खुशाल म्हणू दे. स्वच्छ निघालं नाही तर पुढचा प्रश्न असेल, कधीपासून? तुमची नात त्याच पाण्यावर रांगली, त्याच पाण्यावर बोलायला लागली. हा प्रश्न काकू मला विचारतील तेव्हा मी कुठे बघू?

तुमच्याशी भांडताना मला दर वेळी जिंकायचं असायचं. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून अधूनमधून मुद्दाम हरायचात. आज सकाळपासून मी फोन समोर ठेवून बसले आहे आणि माझ्याच मॉडेलच्या विरोधात नवस बोलते आहे. मी, जिचा कावळ्यावर विश्वास नाही. तुम्हाला तिकडून काही करता येत असेल, सर, तर एवढंच करा. मला खोटं पाडा.